धर्मपाल टेलर आणि चौथी बाजू

घाटंजीच्या बाजारओळीत धर्मपाल टेलरचं दुकान होतं, आणि दुकान जेवढं अरुंद तेवढी दुकानदाराची छाती रुंद होती. निदान तो तरी तसंच समजत असे. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. जाताना धरमा गेला, येताना धर्मपाल आला. आल्या आल्या त्यानं घरातले देव, दारावरची काळी बाहुली आणि पोरीच्या गळ्यातला ताईत एका फडक्यात बांधून नदीत सोडले, आणि बाजारात उभं राहून सांगून टाकलं, की आजपासून आपण भूत, मुंजा, चकवा, नजर, करणी, कोणालाच भिणार नाही.

आता हे ऐकून त्याची बायको कौसल्या पदराआड हसली होती, ही गोष्ट खरी आहे. कारण दीक्षेच्या आधी हा गडी तिन्हीसांजेला चिंचेखालून जायची वेळ आली की बायकोला पुढं घालायचा आणि आपण मागून तिच्या पावलावर पाऊल टाकत चालायचा. कौसल्या हे नुसतं सांगत नसे, चालून दाखवत असे. बायका पोट धरून हसत.

पण शब्द दिला तो दिला. धर्मपाल बदलला. समोरच्या मारोती हॉटेलवाल्यानं दारावर लिंबू-मिरच्या टांगल्या, की हा जाऊन ते लिंबू तोडायचा, स्वतःच्या पाण्याच्या गिलासात पिळायचा आणि मारोतीच्या तोंडासमोर गटागटा प्यायचा.

"तुह्या भुताचा सरबत मस्त लागते बावा," वर असंही म्हणायचा.

मारोती डोळे मिटून घ्यायचा. पुढची पाच-सहा वर्षं अशी सरबतात गेली. म्हणून बासष्ट साली धर्मपालला भीतीनं धरलं, तेव्हा ती घेऊन जायला त्याला जागाच उरली नव्हती. भगताकडे जायची वाट त्यानं स्वतःच बंद केलेली. मारोतीला सांगावं तर तो सगळ्या लिंबांचा हिशेब चुकता करणार. शिवाय ही भीती चिंचेवरची नव्हती, नदीवरचीही नव्हती. ती आली एका कोटाच्या बाहीतून.

झालं असं. हायस्कुलात गणित शिकवणारे विठ्ठलराव गुरुजी भाचीच्या लग्नासाठी गरम कापड घेऊन आले. कापड असं, की एका अंगाला लव आणि दुसऱ्या अंगाला उघडे धागे. एरवी धर्मपाल कापड दुहेरी घालून कापायचा, त्यामुळं डावी-उजवी बाही एकदमच निघायची. हे कापड जरा कमी भरत होतं, म्हणून त्यानं एकेरी पसरलं, कागदी खाका एकदा ठेवला, कापला, पुन्हा ठेवला, कापला. खाका दुसऱ्यांदा पालथा ठेवायचा असतो, हे नेमकं विसरला. गुरुजी आले तेव्हा टेबलावर दोन बाह्या होत्या, दोन्ही डाव्या.

"मी लग्नात दोन्ही हात एकाच बाजूला घेऊन उभा राहू काय रे?" गुरुजी म्हणाले.

धर्मपालनं मान खाली घातली. पण गुरुजी गणिताचे, त्यांना रागापेक्षा मजाच जास्त वाटली. ते स्टुलावर बसले.

"ह्यातली एक उजवी कर. पण टेबलावरून उचलायची नाही. सरकव, गरगर फिरव, काय वाटेल ते कर."

धर्मपालनं सरकवली, फिरवली. डावी ती डावीच राहिली.

"उचलल्याबिगर कशी होईन गुरुजी? उचलून पालथी घालाव लागते. आन पालथी घातली तं लव आत जाते, मंग काय कामाची."

"लवेचं सोड. उचलावी लागते ना? म्हणजे लांबी आणि रुंदीत भागत नाही, उंचीत न्यावी लागते. आता तुझी ही डावी चप्पल घे. हिची उजवी कर."

धर्मपालनं चप्पल पालथी केली, उभी केली, टाचेवर गिरकी दिली. शेवटी म्हणाला, "हे तं कशीबी डावीच."

"कारण तिला फिरवायला तुझ्याकडे तीनच वाटा आहेत. लांबी, रुंदी, उंची. चौथी असती तर तिच्यातून एक गिरकी, आणि चप्पल उजवी होऊन परत. चपलेचं जाऊ दे, माणूस गेला तरी तेच. डावा हात उजवा, काळीज इकडचं तिकडं."

"आन कुठी हाय हे चौथी?"

गुरुजींनी बोट वर केलं, बाजूला केलं, समोर केलं. "ह्या तिघी झाल्या. चौथीकडे बोट वळतच नाही. पण असली तर दूर नसणार. तुझ्या नाकाला जेवढी चिकटून, तेवढीच पोटातल्या आतड्याला."

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण गुरुजींनी खडू उचलला, कापडावर चौकोन काढला आणि बोलू लागले. ह्या चौकोनात एक मुंगी आहे समज. तिला वर-खाली ठाऊकच नाही. तिच्या लेखी ही चारी बाजूंनी बंद खोली. तुला मात्र खोली आतून-बाहेरून एकदम दिसते. तू वरून सुई टोचलीस, तर मुंगीला काय दिसेल? बंद खोलीत मधोमध एक पोलादी ठिपका उगवला, जरा फुगला आणि नाहीसा झाला. भिंत शाबूत, दार शाबूत. चौथ्या बाजूला कुणी उभा असेल, तर त्याला तुझी पेटी, तुझं घर, तुझं पोट असंच दिसेल. उसवायची गरज नाही.

"कोनी पाह्यलं काय त्याले?" धर्मपालनं विचारलं.

"नाही रे. गणितात मांडता येतं. डोळ्यापुढं आणता येत नाही."

गुरुजी निघून गेले. त्या कोटाला बाह्या काही लागल्याच नाहीत. भाचीच्या लग्नात गुरुजी जाकीट घालून मिरवले आणि हीच नवी तऱ्हा आहे असं सांगत सुटले. पण इकडे धर्मपालच्या डोक्यात खडूचा चौकोन बसला तो बसलाच. हेच दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं जांभई दिली असती. हा माणूस दिवसभर सपाट कापडाकडे वरून बघणारा. खिसा कुठं, चोरखिसा कुठं, हे कापडाला कळायच्या आधी ह्याला दिसायचं. आणि आता त्याला वाटू लागलं, की आपल्याकडेही कुणीतरी असंच बघत आहे, हातात कात्री घेऊन.

चिंचेवरच्या भुताचं एक बरं होतं. ते चिंचेवर असायचं. घरात शिरून कडी लावली, की ते बाहेर आणि आपण आत. ह्याला कडीच नव्हती. दिवस-रात्र नव्हती. भर दुपारी मशीन चालवताना धर्मपालच्या मानेवरचे केस उभे राहायचे. तो भिंतीला टेकून बसू लागला, मग आठवायचं, की भिंती मुंगीलाही होत्या. न्हाणीत तो अंगावर चादर घेऊन अंघोळ करू लागला. कौसल्यानं ओली चादर पिळता पिळता विचारलं, "हे काय नवीन?" तर म्हणाला, "थंडी वाजते." वैशाखात.

ज्याला भितो त्याला एकदा नीट बघून घ्यावं, असं त्याच्या मनानं घेतलं. गुरुजींना त्यानं वाटेत गाठलं. गुरुजींनी उत्साहानं सांगितलं, की सहा चौकोनी तुकडे क्रूसासारखे जोडून दुमडले की डबा होतो. तसेच आठ डबे जोडून दुमडले, तर चौथ्या बाजूचा डबा होईल. धर्मपालनं खाकी चिंध्यांचे आठ डबे शिवले, त्यांत कापूस भरला, एकावर एक चार लावले, वरून दुसऱ्याच्या चारी अंगांना चार चिकटवले. ते धूड त्यानं दुकानात टांगलं. गिऱ्हाईकं विचारायची, हे काय बैलाच्या गळ्यातलं आहे काय. तो टेप काढून माप घ्यायला लागायचा.

दुमडताना घोडं अडायचं. चौकोन दुमडायला वर जागा असते. डबे दुमडायला जागाच नव्हती. हा डबा त्या डब्याला सगळ्या अंगानं टेकवायचा, तर मधला चेपायचा. तरी रोज दुपारी सामसूम झाली, की तो त्याच्याकडे एकटक बघत बसायचा. आणि एके दुपारी त्याला वाटलं, जमतंय. डबे हलले नाहीत, पण हलल्यासारखे सगळे एकदम वळले, डावीकडे नाही, उजवीकडे नाही, आत नाही. कुणीतरी अगदी जवळ आलंय असं झालं. पाठीमागे नाही, समोर नाही. ज्या अंगाला आपल्याला कातडीच नाही, त्या अंगाला.

गळ्यात टेप, एका पायात चप्पल, असा धर्मपाल भर बाजारात पळत आला.

"काय झालं?" मारोतीनं विचारलं.

"इच्चू," धर्मपाल म्हणाला.

मारोती बिचारा भला. खराटा घेऊन आत शिरला, सगळ्या चिंध्या झटकल्या. विंचू कुठला सापडायला. बाहेर येऊन त्यानं धर्मपालकडे नीट पाहिलं. "इच्चवाले एवढं भेते काय रे कोनी?" एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून दारावरचं लिंबू कुणी तोडलं नाही, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं.

हे सगळं एका माणसाच्या डोक्यात राहिलं असतं तर चाललं असतं. पण नलू मॅट्रिक पास झाली. नलू ही धर्मपालची एकुलती एक पोरगी. यवतमाळला मास्तरणीच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागला, वसतिगृहात राहायची सोय झाली. वस्तीतली पहिली पोरगी अशी जाणार होती, बायका येऊन तिच्या तोंडावरून हात फिरवून जात होत्या. फक्त डॉक्टरचा दाखला हवा होता. म्हणून बाप-लेक दवाखान्यात गेले.

डॉक्टरनं नळी नलूच्या डाव्या बाजूला लावली. कपाळाला आठी घातली. नळी जरा वर केली, खाली केली. मग उजवीकडे नेली आणि तिथं थांबला.

"हिचं हृदय उजव्या बाजूला आहे," तो म्हणाला. "जन्मजात असतं असं कुणाकुणाचं. भ्यायचं काही नाही. ठणठणीत आहे पोरगी."

दाखला झाला. नलूला त्यात मजाच वाटली, ती वाटभर छातीवर हात ठेवून चालली. धर्मपाल मात्र दोन पावलं मागं राहिला होता. भ्यायचं काही नाही, हे वाक्य त्याच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं. काळीज इकडचं तिकडं. गुरुजींनी दुसरं काय सांगितलं होतं?

आणि मग त्याला आठवलं, की नलू लहानपणी हरवली होती. चार वर्षांची असताना, घाटंजीच्याच बाजारात. जेवायच्या वेळेला हात सुटला, तो उन्हं कलल्यावर सापडली. तांड्यावरच्या देवीलालच्या गाडीखाली बसलेली, रडत नव्हती, काही नाही. तेव्हा सगळ्यांना पोर सापडल्याचा आनंद. एवढा वेळ ती कुठं होती, हे कुणी विचारलंच नव्हतं. शिवाय नलू डावरी. कधीपासून डावरी? हरवायच्या आधी ती कोणत्या हातानं जेवायची? धर्मपालनं आठवून आठवून डोकं शिणवलं. आठवलं नाही.

तो देवीलालकडे गेला. देवीलाल म्हातारा झाला होता, बाजेवर बसून दोर वळत होता.

"माही पोट्टी तुह्या गाडीखाली सापडली तवा काय करून राह्यली होती?"

"गूळ खात होती," देवीलाल म्हणाला. "माझाच गूळ."

"कोन्या हातानं?"

देवीलालनं दोर खाली ठेवला. "अरे टेलर, बारा-तेरा साल झाले. गूळ गेला तेवढं ध्यानात हाय. हात कोण पाहते?"

धर्मपालची खात्री पटली. तिला उचललं होतं, उलटलं होतं आणि परत ठेवलं होतं. ज्याला एकदा वाट सापडली त्याला ती पुन्हा सापडणार. इथं निदान आपण आहोत, जागता डोळा ठेवतो. यवतमाळच्या त्या वसतिगृहात कोण ठेवणार? आणि पुन्हा उचललं, आणि परत ठेवायचं राहून गेलं तर?

घरी येऊन त्यानं सांगितलं, नलू जाणार नाही.

कारण विचारलं तर म्हणे, तिथं जेवण बरोबर नसते. मग म्हणे, पाणी बरोबर नाही. मग म्हणे, मास्तरणीची नौकरी काय कामाची. नलू न जेवता भिंतीकडे तोंड करून पडली. हजर व्हायचा दिवस आला होता उद्यावर. सकाळी कौसल्यानं दुकानात येऊन मशीनवर हात ठेवला आणि मशीन थांबवली.

"नलूचे बाबा, माह्याकडे पाहा. पोरीले शिकवा शिकवा म्हनून तुमीच बोंबलत होते न? आता काहून आडवे होऊन राह्यले? खरं सांगा."

"सांगतलं न, पानी..."

"पानी गेलं खड्ड्यात. चादर घेऊन न्हाता तुमी. इच्चू नसून पयता. मारोतीभाऊच्या बायकोनं मले सारं सांगतलं. मी काय आंधयी हाव?"

धर्मपालनं गळ्यातला टेप काढून ठेवला. आणि मग त्यानं सगळं सांगितलं, मुंगी, सुई, चप्पल, काळीज, देवीलालचा गूळ. नलू दारात येऊन उभी होती, तिनंही ऐकलं. कौसल्या नवऱ्याच्या भित्रेपणाच्या हजार नकला करणारी बाई, पण ह्या वेळी हसली नाही. ती स्टुलावर बसली आणि लेकीकडे बघत राहिली. तीही भ्यायली होती.

नलूनं मात्र बापाचं बोलणं मनातल्या मनात एकदा उलगडून पाहिलं. विठ्ठलराव गुरुजींच्याच वर्गात बसलेली पोरगी ती.

"बाबा, मले उलटलं असन तं माह्या अंगावरचं सारंच उलटलं असन न?"

"हो. सारंच."

नलूनं पोलक्याची बाही वर सारली आणि हात त्याच्या नाकासमोर धरला. कोपराखाली हिरवं गोंदण होतं. धर्मपालच्या आईनं हौसेनं नातीचं नाव गोंदवून घेतलं होतं.

"वाचा."

"नलू," धर्मपाल म्हणाला.

"सुलटं हाय का उलटं?"

"सुलटं."

"आन हे आजीनं कवा गोंदवलं?"

उत्तर कौसल्यानं दिलं. "सासूबाई तं तू हरवली त्याच्या आदल्या साली गेल्या. त्याच्याबी आधीच गोंदवलं."

धर्मपालनं पोरीचा हात दोन्ही हातांत घेतला, उजेडाकडे नेला, पुन्हा वाचला. अक्षरं डावीकडून उजवीकडे, काना-मात्रा जिथल्या तिथं. गोंदवलेलं पोर उलटून आलं असतं, तर नाव आरशातल्यासारखं दिसायला हवं होतं. बाजारात ती फक्त हरवली होती आणि गूळ खाल्ला होता, बस. त्याच्या छातीवरचा दगड उतरला. तो हसलासुद्धा. कौसल्यानं डोळे पुसले आणि पोरीची पेटी भरायला ती घराकडे पळाली.

पण दगड पुरता उतरला म्हणावं, तर तसं नाही. नलू आईमागून घरी गेल्यावर तो मशीनवर बसला आणि पायडल मारता मारता त्याचा पाय थांबला. गोंदणानं एवढंच ठरलं, की गोंदल्यापासून पोरीला कुणी हात लावला नाही. गोंदायच्या आधीचं काय? डॉक्टर म्हणाला होता, जन्मजात. म्हणजे जन्माच्या आधी. म्हणजे कौसल्याच्या पोटात असताना, सगळीकडून बंद, जिथं आईलासुद्धा बघता येत नाही तिथं. त्या चौथ्या अंगाला असली बंद पोटं म्हणजे खडूचे चौकोन. कुणी वाकलं असेल, जरासं बघितलं असेल, पालथं घालून ठेवलं असेल.

ह्याच्यावर गोंदण नव्हतं. गुरुजींकडे उत्तर नव्हतं, डॉक्टरकडे नव्हतं. बायकोला सांगावं, तर ती पेटी पुन्हा रिकामी करील. नलूनं आजन्म बापाच्या दुकानात काज-बटन करायचं आणि बापानं तिच्याकडे बघत बसायचं, असं होईल. आणि बघत बसूनही ज्या बाजूनं यायचं त्या बाजूला त्याचा डोळा वळणारच नव्हता. धर्मपाल उठला. मग त्यानं खुंटीवरून नलूचं नवं पांढरं पोलकं काढलं आणि राहिलेली शिलाई पुरी केली. एक टाका वाकडा गेला. तो त्यानं उसवून पुन्हा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी यवतमाळच्या एस्टीत नलू खिडकीशी बसली. धर्मपालनं पेटी वर चढवली, कंडक्टरला दोनदा सांगितलं, शेजारच्या बाईला तीनदा. खाली उतरून खिडकीखाली उभा राहिला.

"पोचली की पत्र टाकजो."

"टाकतो न बाबा."

"आन भेव वाटलं तं..." ताईत त्यानंच नदीत सोडला होता. "भेव वाटलं तं वाटू दे. अभ्यास करत राहाजो."

गाडी धूळ उडवत गेली. वळणावर दिसेनाशी झाली, तरी तो तिकडेच बघत उभा.

"चला," कौसल्या म्हणाली.

"मले लय भेव लागून राह्यलं, नलूची माय."

दीक्षा घेतल्यापासून हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. कौसल्यानं आजूबाजूला पाहिलं. बाजार भरायला लागला होता.

"मंग? मले का नाई लागून राह्यलं?" ती म्हणाली. "चला घरी. पाय उचला."

ती पुढं निघाली. धर्मपालनं तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि मागोमाग चालू लागला. भर उजेडात, अख्ख्या बाजारओळीतून, मारोतीच्या हॉटेलासमोरून. मारोती कपबशी हातात धरून बघत राहिला. आता घाटंजीचे लोक असं काही पाहतील आणि गप्प बसतील, असं होत नाही. टेलर ह्या वयात बायकोच्या पदराला लागला, पोरगी गेली आणि ह्यांना मोकळं रान सापडलं, अशी आवई पार बाजार उठायच्या आत सगळीकडे पोचली. महिनाभर बायका कौसल्याला चिमटे काढत होत्या. ती लाजल्यासारखं करायची आणि खरं काय ते सांगायची नाही.